पिट्सबर्ग आवडलं, कोलंबस घेतलं

न्यू जर्सीतलं आमचं ऑफिस बंद होणार हे २०२३ च्या फेब्रुवारीत एका सोमवारी कळलं. पुढे दोन पर्याय होते: ओहायोतलं कोलंबस किंवा पेनसिल्वेनियातलं पिट्सबर्ग. सहा आठवड्यांत कळवा. नवरा घरून काम करतो, म्हणजे त्याचा प्रश्न नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. तेही खोटं निघालं. दोघंही एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर. घरून काम करणाऱ्याचं घर दुसऱ्या महानगर भागात गेलं की त्याच्याही कंपनीला नवा एलसीए (कामाची जागा आणि पगार सांगणारा सरकारी अर्ज) आणि अमेंडमेंट, म्हणजे व्हिसाची दुरुस्ती, भरावी लागते, आणि ती भरेपर्यंत नव्या जागेवरून काम सुरू करता येत नाही. शहर एक, अमेंडमेंटी दोन, वकीलही दोन.

नवऱ्याने त्याच रात्री एक्सेल उघडलं. तो सोलापूरचा, मी साताऱ्याची. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिल्याच ओळीत फसलो. २०२० च्या जनगणनेत कोलंबस नऊ लाखांचं आणि पिट्सबर्ग जेमतेम तीन लाखांचं. नवरा म्हणाला, "तीन लाखांत काय मिळणार? किराणा तरी मिळेल का?" मग कळलं की हे आकडे नुसत्या महापालिका हद्दीचे. कोलंबस आजूबाजूची जमीन हद्दीत घेत फुगलं. पिट्सबर्गभोवती शंभरावर छोटी गावं आपापली नगरपालिका धरून बसलेली. आख्खा महानगर भाग धरला तर पिट्सबर्गच थोडं मोठं, २३-२४ लाखांचं. कोलंबस २१ लाखांचं. पिट्सबर्गचे पोलादाचे कारखाने बंद पडले आणि लोक निघून गेले, म्हणून तिथे जुनी घरं भरपूर आणि त्या मानाने स्वस्त.

कराच्या ओळीला एक आख्खा रविवार गेला. पेनसिल्वेनियाचा आयकर सरसकट ३.०७ टक्के, पिट्सबर्ग शहरात राहिलात तर वर ३ टक्के, उपनगरांत बहुतेक ठिकाणी १. ओहायोत शहराचा कर आधी कामाच्या गावी कापतात, कोलंबसचा २.५ टक्के. राहतं गाव वेगळं असेल तर तेही हात पुढे करतं, आणि आधी भरलेल्याची किती वजावट देतं ते गावागणिक बदलतं. गाडीचं मात्र सोपं. पिट्सबर्गला दरवर्षी सेफ्टी आणि एमिशन (धुराची), दोन्ही तपासण्या. कोलंबसला एकही नाही.

मार्चमध्ये आधी पिट्सबर्गला गेलो. विमानतळाकडून येताना डोंगरातला फोर्ट पिट बोगदा लागतो. बोगदा संपतो आणि काही कळायच्या आत गाडी थेट पुलावर, खाली नदी, समोर सगळं शहर. अ‍ॅलेगनी आणि मोनोंगहीला तिथे भेटतात आणि पुढे ओहायो नदी होऊन वाहतात. मी कृष्णा-वेण्णेच्या संगमाजवळ, माहुलीला वाढले. मला दुसरं काही बघायची गरजच उरली नव्हती. पुलावर मात्र काही सेकंदांत लेन बदलावी लागते. ती चुकली, आणि आम्ही तीन वेळा नदी ओलांडून हॉटेलला पोचलो. शहरात ४४६ पूल आहेत म्हणे. त्या संध्याकाळी सगळे झाले असं नवऱ्याचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी घरं. डॉरमाँट या उपनगरातलं १९२० च्या सुमाराचं विटांचं घर मला बघताक्षणी आवडलं. लाकडी जिना, रंगीत काचेची खिडकी, दोन चौकांवर ट्रामचा थांबा. मग एजंटबाईंनी तळघर दाखवलं. उघड्या जागेत मधोमध एक कमोड. ना भिंत, ना दार, ना साधा पडदा. अशी कमोडं जुन्या घरांत सर्रास असतात आणि त्यांना पिट्सबर्ग टॉयलेटच म्हणतात. कारखान्यातून आलेला माणूस वर जाण्याआधी खालीच सगळं आटपायचा, असं सांगतात. नवरा हसून हसून जिन्यावर बसला.

त्याच तळघरात दोन गोष्टी शिकलो. एक, तिथे बऱ्याच घरांखाली जुन्या कोळशाच्या खाणी आहेत. जमीन खचली तर नेहमीचा गृहविमा पैसे देत नाही. त्यासाठी राज्य सरकारचा वेगळा विमा घ्यायचा. दुसरी डाय टेस्ट. छपराच्या पन्हळींत रंगीत पाणी सोडून ते सांडपाण्याच्या गटारात उतरत नाही ना, हे बघतात. तिथल्या बऱ्याच गावांत त्याचा दाखला नसेल तर घराचा व्यवहार पुरा होत नाही. शिवाय काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, घरपट्टीचा हिशोब अजून २०१२ च्या किमतींवर, त्यामुळे तुम्ही जास्त भाव देऊन घर घेतलंत की शाळा-मंडळ अपील करून तुमची पट्टी वाढवून मागू शकतं. शेजाऱ्याची तीच राहते. हे मला अजूनही पटलेलं नाही.

कोलंबसला जायला तीन तास. ओहायोत शिरल्यावर टेकड्या हळूहळू कमी होतात, मग सपाटी. नवऱ्याचा चेहरा खुलला. "बघ, कसं मोकळं आहे! रस्ता सरळ, पार्किंग समोर." मला गावात शिरलो कधी तेच कळलं नाही. ट्राम नाही, आणि १९७९ पासून प्रवासी रेल्वेही नाही. घरं मात्र स्वच्छ, बेताच्या वयाची, दार जमिनीला लागून. आमचा एजंट घर दाखवता दाखवता इंटेलचं नाव घ्यायचा: २०२२ च्या जानेवारीत शेजारच्या लिकिंग काउंटीत कारखाना जाहीर झालाय, आता घ्या नाहीतर राहाल.

घाई केली आणि आपटणारच होतो. घराचा पत्ता डब्लिन या उपनगराचा, म्हणजे लेकीला डब्लिनची शाळा, असं समजून आम्ही ऑफर लिहायला घेतली. तिथे असं काही नसतं. पत्त्यातलं गाव पोस्टाचं, कर वेगळ्याच गावाचा, शाळा तिसरीकडे. कोलंबसच्या हद्दीतली कित्येक घरं उपनगरांच्या शाळांना जोडलेली आहेत आणि उलट गंमतही आहे. घरांच्या नोंदी ठेवणाऱ्या काउंटी ऑडिटरच्या साइटवर घर क्रमांक टाकून 'स्कूल डिस्ट्रिक्ट' बघा, मगच पेन उचला. आमचं घर डब्लिनच्या शाळेत नव्हतंच. रात्री साडेअकराला एजंटला मेसेज करून ऑफर थांबवली.

रेडॉनची, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूची, भानगड दोन्ही गावांत आहे. चाचणी करा आणि पंखा बसवून घ्या.

पाचवा आठवडा संपत आला तेव्हा एक्सेलमध्ये कोलंबस पुढे होतं आणि मी पिट्सबर्गवर अडून होते. रविवारी आईला व्हिडिओ कॉलवर डॉरमाँटचं घर दाखवलं. ती सहा-सहा महिने येते. एक गुडघा बदललाय, दुसरा बदलायचाय. तिने खिडकी पाहिली, जिना पाहिला, आणि विचारलं, "रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती गं?"

मी फोटो मोठा करून मोजल्या. एकतीस. वर झोपायच्या खोलीच्या चौदा.

"छान आहे घर," ती म्हणाली आणि जेवलीस का विचारायला लागली.

कोलंबसला खाली एक खोली आणि न्हाणीघर असलेलं घर मिळालं. मागे मक्याचं शेत, पुढे सोसायटीचं तळं. आई मे महिन्यात आली. रोज सकाळी तळ्याला चार फेऱ्या मारते, बदकांवर खेकसते. मराठी मंडळात दोन मैत्रिणीही जोडल्या. तक्रार एकच, की बालाजी लांब. पिट्सबर्गजवळ पेन हिल्सच्या टेकडीवर १९७० च्या दशकात बांधलेलं व्यंकटेश्वराचं मंदिर आहे, अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या मंदिरांपैकी. जुलैत तिला घेऊन निघालो. तीन तास ती मका बघत होती. मग बोगदा आला, बोगदा संपला.

"अगं बाई! हे सोडून तू तिकडे घर घेतलंस?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो लेन शोधत होता.