आमची वाटचाल : फोल्डर कोणाच्या नावावर?

ठाण्याची वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत, १९६२ सालची. तिथल्याच एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमचे कार्यालय आहे. लहान कारखान्यांची ड्रॉइंग, दरपत्रके व हिशेब सामायिक ऑनलाइन फोल्डरांत लावून देणे आणि त्यांत कोणी काय पाहावे, कोणी काय बदलावे याचा ॲक्सेस सांभाळणे, हा आमचा व्यवसाय. ‘फोल्डर तर आमचा पोरगाही उघडतो, त्याचे पैसे कसले?’ हे वाक्य मी आजही ऐकतो आणि ते मला आजही लागते.

२०१२ साली गूगल ड्राइव्ह आले आणि त्याच वर्षी मी व माझा भागीदार या कामात उतरलो. सर्व फोल्डर त्याच्या वैयक्तिक जीमेलवर तयार झाले, कारण पहिल्या दिवशी संगणकासमोर तो बसला होता. ज्याच्या खात्यातून फाइल चढते तोच तिचा मालक, हे दोघांनाही ठाऊक होते. पण आपल्यात कसले तुझे-माझे, म्हणून आम्ही ते तसेच राहू दिले.

२०१६च्या गणपतीनंतर त्याने स्वतःची फर्म काढली आणि एका रविवारी रात्री माझे व अकरा ग्राहकांचे ॲक्सेस काढून टाकले. सोमवारी सकाळी मला पहिली आठवण झाली ती आमच्या सर्वांत जुन्या ग्राहकाची, ज्यांना अख्खी गल्ली काका म्हणते. त्यांच्या सीएनसीजवळच्या (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या यंत्राजवळच्या) संगणकावर ड्रॉइंगची प्रत उतरलेली असे; नेट मिळताच ती प्रतही नाहीशी झाली असती.

मी फोन केला. ‘काका, संगणक लावलात का?’

‘आत्ता कुठे शटर उघडतोय.’

‘आधी मागची निळी वायर काढा, मगच लावा.’

पंधरा मिनिटांनी मी पेनड्राइव्ह घेऊन पोहोचलो, तेव्हा ते ती वायर हातात धरूनच उभे होते. त्यांची सगळी ड्रॉइंग बचावली. बाकीच्या दहा जणांची कामे ईमेलमधून आणि कागदांवरून पुन्हा उभी करण्यात सात महिने गेले, घरचे सोने गहाण पडले आणि चार ग्राहक त्याच्याकडे गेले. त्याने आजवर त्याबद्दल एक शब्द काढलेला नाही.

२०१७ मध्ये गूगलचे टीम ड्राइव्ह आले, ज्याला पुढे शेअर्ड ड्राइव्ह हे नाव मिळाले. त्यात फाइल व्यक्तीची नसून संस्थेची असते, माणूस गेला तरी ती जागेवर राहते. मी सर्व ग्राहक तिकडे नेले. तेव्हापासून एक लांब वही ठेवली आहे : फोल्डर, ॲक्सेस कोणाला, कशासाठी, कधीपर्यंत. कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो. नावानावाने ॲक्सेस देऊ नका, गट करून द्या. ज्याला फक्त फाइल चढवायच्या व सुधारायच्या आहेत त्याला ‘कंट्रिब्युटर’ पुरे. ‘कंटेंट मॅनेजर’ झाला की तो फाइल कचऱ्यातही टाकू शकतो, आणि कचरा तीस दिवसांनी रिकामा होतो. दरपत्रकाला ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय कधीच नको. आणि ‘मॅनेजर’, म्हणजे इतरांना ॲक्सेस देणारा-काढणारा, नेहमी दोन असावेत.

काकांच्या ड्राइव्हचे दोन मॅनेजर म्हणजे ते स्वतः आणि त्यांची सून. माझे नाव तिथे मुदतीपुरतेच असते. दर एक तारखेला काका वहीतली ती ओळ मला फोनवर वाचून दाखवायला लावतात.