हरकतीची मुदत ३० दिवस, त्यातले १९ एका नकाशापायी

आमच्या नगरपरिषदेचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे गावात कुठे घरं, कुठे रस्ते हे ठरवणारा कच्चा नकाशा, जाहीर झाल्याची नोटीस मला चौथ्या दिवशी कळली, तीही नणंदेने पेपरातल्या कात्रणाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला म्हणून. आमच्या गल्लीमागे ओढा आहे. त्या ओढ्यातूनच १२ मीटरचा रस्ता दाखवलाय अशी कुजबुज होती. हरकती-सूचनांना ३० दिवस. म्हटलं, भरपूर आहेत.

अर्ज लिहायला मला एक संध्याकाळ लागली आणि द्यायला दहा मिनिटं. बाकी सगळे दिवस नकाशाने खाल्ले.

नकाशा नगरपरिषदेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये लावला होता. काचेच्या चौकटीत, वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बरोबर आमच्या भागावर, आणि खाली कपाट, म्हणजे जवळ जाऊन वाचायची सोय नाही. पिवळा, हिरवा, जांभळा रंग तेवढा दिसे; सर्व्हे नंबर मुंगीएवढे. मोबाइल काढला तर शिपाईमामा म्हणाले, "फोटो काढायचा नाही ताई, साहेबांना विचारा." साहेब म्हणजे नगररचनाकार. त्यांच्याकडे आणखी दोन नगरपालिकांचा अतिरिक्त कार्यभार, त्यामुळे आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार. पहिल्या मंगळवारी ते जिल्ह्याला मीटिंगला. शुक्रवारी सरकारी सुट्टी.

मधल्या काळात कुणीतरी सांगितलं की प्रमाणित भाग नकाशा, म्हणजे आराखड्यातल्या आपल्यापुरत्या तुकड्याची सही-शिक्क्याची प्रत, विकत मिळतो. मिळतोच. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम २६ वाचा: आराखडा लोकांना पाहायला ठेवायचा आणि त्याच्या प्रमाणित प्रती वाजवी किमतीत विकायच्या, हे त्यातच लिहिलंय. मी ते कलम झेरॉक्स करून नेलं तेव्हा कुठे टेबलावरच्या भाऊसाहेबांनी चलन भरायला सांगितलं. (कलमाचा कागद हातात असला की आवाज चढवावा लागत नाही, हे मला तिथे कळलं. त्याआधी दोनदा चढवून झाला होता.)

अर्जात मी आमच्या मिळकत पत्रिकेवरचा नंबर लिहिला, ११८. पुढच्या मंगळवारी सही झाली आणि नकाशा हातात आला. घरी येऊन जेवणाच्या टेबलावर पसरला, तर ओढा नाही, आमची गल्ली नाही, काहीच ओळखीचं नाही. गावाच्या पार दुसऱ्या टोकाचा, बाजार समितीच्या पलीकडचा भाग! आराखडा सर्व्हे नंबरांवर, म्हणजे जमिनीच्या जुन्या नंबरांवर, काढलेला आणि माझा ११८ हा सिटी सर्व्हे नंबर, गावठाण-शहरातल्या मिळकतींना नंतर दिलेला वेगळाच. सर्व्हे नंबर ११८ ही कुणाची तरी उसाची जमीन निघाली.

दुसऱ्या दिवशी परत गेले. "मॅडम, तुम्हीच चुकीचा नंबर दिलाय." मग बरोबर कोणता? "ते भूमी अभिलेखला विचारा." भूमी अभिलेख कार्यालयात सांगितलं, कोणता सर्व्हे नंबर कोणत्या सिटी सर्व्हे नंबरात गेला तो उतारा मिळेल, अर्ज करा, पंधरा दिवस. माझ्याकडे पंधरा दिवस उरले नव्हते. त्या दुपारी मी कार्यालयाच्या पायरीवर बसून चक्क रडले, आणि नंतर स्वतःचाच राग आला.

उत्तर शेजारच्या अण्णांच्या ट्रंकेत होतं. आमचा प्लॉट पाडला तेव्हाचा बिनशेती आदेश, म्हणजे शेतजमिनीवर घरं बांधायची परवानगी. त्यावर जुना सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, सगळं टाइप केलेलं. तेव्हा हरकत घ्यायची असेल तर आधी घरातला बिनशेती आदेश किंवा जुनं खरेदीखत शोधा, मग कार्यालयात जा. मी उलटं केलं.

योग्य भाग नकाशा तेविसाव्या दिवशी मिळाला. कुजबुज खरी होती. ओढ्याची निळी रेघ गायब, तिथे रहिवासी वापराचा पिवळा रंग आणि त्यातून रस्ता.

उरलेल्या सात दिवसांत गल्लीतून २२ हरकती गेल्या, प्रत्येकाची वेगळी. आधी एकच निवेदन करून सगळ्यांच्या सह्या घेणार होतो, पण आवक कक्षातल्या मुलीने हळूच सांगितलं, "ती एकच हरकत धरतात." तिचे उपकार. अर्जाच्या शेवटी "मला प्रत्यक्ष सुनावणी हवी" ही ओळ न विसरता लिहा.

सुनावणी नियोजन समितीपुढे असते. त्यात नगरपरिषदेच्या समितीतले तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. पत्र दोन दिवस आधी आलं. अकराची वेळ, माझा नंबर सव्वाचारला, मिळाली तीन मिनिटं. एक सदस्य पूर्ण वेळ मोबाइलमध्ये. पण जाणकारांपैकी एकाने विचारलं, "ओढ्याची रुंदी किती?" मी आदल्या रविवारी अण्णांना घेऊन टेपने मोजून आले होते: रस्त्याखालच्या मोरीपाशी साडेचार मीटर. पावसाळ्यातला, मोरी बुडालेला फोटोही होता. त्यांनी तो ठेवून घेतला. पर्यावरण, निसर्ग वगैरे मी लिहून नेलेलं भाषण कुणी ऐकलं नसतं, आकडा ऐकला.

समितीच्या अहवालात आमच्या हरकतींपुढे "अंशतः मान्य" आलं. ओढा परत दाखवला, रस्ता शेजारच्या गल्लीकडे सरकवला. शेजारची गल्ली आता आमच्याशी नीट बोलत नाही, आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. शासनाची अंतिम मंजुरी अजून यायची आहे.

"हरकतींनी काही होत नाही" म्हणणाऱ्यांना मी मुंबईचं सांगते. फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झालेला तिथला प्रारूप आराखडा इतक्या चुकांनी भरलेला निघाला आणि लोकांनी इतका गदारोळ केला, की एप्रिलमध्येच मुख्यमंत्र्यांनी तो रद्द करून नव्याने करायला लावला. सुधारित आराखडा २०१६ मध्ये आला. अर्थात मुंबईत ओरडायला माणसं पुष्कळ. आमच्याकडे २२.

हो, एक राहिलंच. पोच घेतलेल्या प्रतीवरच्या शिक्क्याची शाई फिकी पडते. माझ्या प्रतीवरची तारीख सुनावणीच्या दिवशी वाचता येईना. पोच मिळेल त्याच दिवशी तिचा फोटो काढून ठेवा. तो काढायला कुणाची परवानगी लागत नाही.