टेप होती, उसाच्या आत

गळीत हंगाम लागला की आम्हा 108वाल्यांच्या रात्री बदलतात. मी आष्ट्याकडच्या पट्ट्यात रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे. त्या रात्रीचा कॉल होता, "ट्रॉलीला मागून मोटरसायकल." ट्रॉली पंक्चर, चाकांना दगड लावून भर रस्त्यात उभी.

पोचलो तर मोटरसायकलचा हेडलाइट शाबूत, चालूसुद्धा. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. भरलेल्या ट्रॉलीतून ऊस मागं लोंबतो, तो नेमका स्वाराच्या तोंडाच्या उंचीला. गाडी ट्रॉलीला टेकायच्या आधीच उसाची टोकं चेहऱ्यात घुसतात. पायाला खरचटलेलंही नसतं आणि जबडा मोडलेला असतो. समोर काच नसलेलं हेल्मेट इथं फारसं कामाचं नाही. या पोराकडं तेही नव्हतं.

अशा जखमीला उताणा ठेवला की रक्त घशात उतरतं. त्यात कुणी पाणी पाजतं, चौघं काखेत हात घालून जीपमध्ये कोंबतात. त्या रात्री मात्र तालमीतला एक पोरगा डांबरावर गुडघे टेकून बसला होता. जखमीला कुशीवर वळवलेलं, डोकं आणि मान दोन्ही हातांनी एका रेषेत धरलेली. "पाणी पाजा की रं!" म्हणून भोवती गलका. हा हलला नाही.

"डॉक्टर, मान धरलीया. सोडू का?"

"कॉलर बसंपर्यंत नको."

मानेला कॉलर, घशातलं रक्त ओढायला सक्शन, पाठीखाली बोर्ड, मग सांगली सिव्हिल. जखमी वाचला. एका डोळ्याचं अजून काही खरं नाही.

शिकवलं आम्हीच होतं, पावसाळ्यात, तालमीत. सरपंचांचं भाषण वर्गापेक्षा लांबलं, पण पैलवानांना मानेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. त्यांचे प्रश्न सगळे पोलिसांचे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं कलम 134अ आलंय. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी काही येत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. हे तीनदा सांगावं लागलं.

माझ्या डोक्यातून जात नाही ती ट्रॉलीची मागची फळी. तिला लाल रिफ्लेक्टर टेप होती, नवी कोरी. ट्रॉल्यांना टेप लावायच्या मोहिमेत लावलेली, फोटोसकट. पण रिकाम्या ट्रॉलीला! ऊस भरला की टेप आत. कागदावर ती ट्रॉली सुरक्षितच धरलेली असणार.

तालमीच्या पोरांनी मग युरियाच्या रिकाम्या पोत्यांवर टेप शिवली. लोंबत्या उसाच्या टोकांना पोतं सुतळीनं बांधायचं. रात्री मोटरसायकलवरून लांबून येऊन स्वतः बघितलंही. फोटोवाल्यांना हे सुचलं नव्हतं. टायर बदलल्यावर ड्रायव्हर रस्त्यातच सोडून जातात ते दगडही पोरंच उचलतात, कारण दुसरा अपघात त्यावर होतो.

कारखान्याच्या शेती विभागातले साहेब म्हणाले, "पोतं उसाबरोबर गव्हाणीत गेलं तर?" गव्हाण म्हणजे कारखान्यात ऊस टाकतात ती जागा, तिथून तो गाळपाला जातो. प्रश्न रास्त आहे. पोरं म्हणाली, भरलेली गाडी काट्यावर आली की पोतं सोडायचं, रिकामी वजनाला आली की परत द्यायचं. काट्यावरचा बाबू म्हणतो, लेखी आदेश आणा. साहेब म्हणतात, पुढच्या मीटिंगला बघू. हंगाम काय मीटिंगसाठी थांबतोय? तोवर पोरांनी गेटबाहेरच्या चहावाल्याला गाठलंय. पोती सध्या त्याच्याकडं जमा होतात. ड्रायव्हर चहाला थांबतोच.