वेचणी-वही, अपडेट ९ : कंस सापडला

‘वेचणी-वही’ हे कापूस वेचणीच्या मजुरीचा हिशेब ठेवणारं माझं ॲप. आज सकाळी ते वापरणाऱ्या नानांनी ५२ नोंदी तीन टिचक्यांत निवडल्या! बऱ्याच ओळी एकदम निवडता येतात हे न शिकवता कसं कळावं, या तीन आठवडे डोकं खाल्लेल्या प्रश्नाने एकदाची मान टाकली.

लाँग-प्रेस करून, म्हणजे बोट दाबून धरून, खाली ओढलं की मधल्या सगळ्या ओळी निवडायच्या, ही सोय अपडेट ५ पासून आहे. पण नाना बाजाराच्या आदल्या संध्याकाळी वेचणीची मजुरी काढताना एकेक चौकट टिचकत बसायचे. कापूस वेचून बोटं खरखरीत झालेली. त्यात एखादी ओळ हुकली की बेरीज पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यांदा उघडताना दिसणारी शिकवणी त्यांनी न वाचताच ‘पुढे, पुढे’ करून उडवली. मग टोस्ट टाकला, म्हणजे पडद्यावर क्षणभर दिसून जाणारी सूचना. तो येऊन गेला तेव्हा नाना चष्मा शोधत होते.

दोष त्यांचा नाहीच. अँड्रॉइड ३.० ने २०११ मध्ये लाँग-प्रेसला निवडीचं काम दिलं, पण पडद्यावर त्याची खूण कुठे असते? आयओएस १३ पासून यादीवर दोन बोटं ओढून निवड होते. माझ्या आयफोनवाल्या दोस्तांना विचारलं, एकालाही पत्ता नाही. कॉम्प्युटरवरच्या शिफ्ट-क्लिकचंही तसंच, कोणीतरी दाखवल्याशिवाय कळत नाही.

परवा अमळनेरला गेलो तेव्हा नानांची जुनी लाल वही चाळली. बेरीज करायच्या ओळींना त्यांनी समासात महिरपी कंस ओढलेला, आणि टोकाशी आकडा. मी तिथेच कपाळाला हात लावला.

आता दोन चौकटी टिचकल्या की डाव्या समासात फिकट कंस उमटतो. त्याच्या नाकावर, म्हणजे मधल्या टोकावर, टिचकी मारली की मधलं सगळं निवडलं जातं. नानांनी आधी विचारलं, “हाई काय शे?” आणि उत्तराची वाट न बघता दाबलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पहिली टिक १ तारखेला, दुसरी १५ ला, की कंसाचं नाक पडद्याबाहेर! दोन रात्री त्यात गेल्या. शेवटी नाक स्क्रोलबरोबर सरकवत दिसत्या भागातच ठेवलं आणि त्यावर ‘मधल्या ५०’ असं लिहिलं. ॲप ज्यात बनवतो त्या फ्लटरचं हॉट रीलोड (कोडमधला बदल चालू ॲपमध्ये लगेच दिसणं) नसतं तर हा नाद सोडला असता. दुसरा घोळ फिल्टरचा: एकाच बाईच्या नोंदी दाखवल्या असताना लपलेल्याही निवडल्या जात होत्या. मजुरीत अशी चूक म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही. आता दिसतं तेवढंच निवडतो.

टेस्टिंगसाठी घेतलेल्या सेकंडहँड फोनची डावी कड मेली आहे, म्हणजे नेमका समासच. दुकानदार म्हणतो, कव्हर काढून बघा. काढलं. मेलेलीच आहे.

ओढण्याची सोय काढणार होतो. पण हे लिहिता लिहिता वाटलं, राहू द्यावी. कंस दाबल्यावर तो वरून खाली भरत गेला तर बोटाने ओढूनही बघावंसं वाटेल. ओढायलाच लागतं असं मात्र कुठे नको, डब्ल्यूसीएजी २.२ (ॲप-वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीचे निकष) मधला निकष २.५.७ हेच सांगतो.

काकूंनी मघाशी विचारलं, “चुकून दाबला तर हा कंस खोडायचा कसा?” आज रात्री तेच.