सात घरांचा नळ

पहाटे पावणेतीनचा गजर मी अजून मोबाईलमधून काढलेला नाही. त्या वेळी खालच्या वळणावरच्या भाऊंच्या नळाला पाणी यायचं, ते मोटर लावून ओढायचे आणि आम्ही बायका कॅन घेऊन रांगेत. ३५ लिटरचा कॅन १० रुपयांना, मे महिन्यात १५. भरलेला कॅन घेऊन वर यायला ५२ पायऱ्या, मध्ये दोनदा टेकायचं. घरात पाच माणसं, रोजचे सहा कॅन. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं संडासाला. पाहुणे येणार म्हटलं की आधी पोटात गोळा यायचा, चहाचा नाही, त्यांच्या अंघोळीचा.

महिन्याला १८०० रुपये जात. भाऊंना पाणीमाफिया म्हणणं सोपं आहे. पण तापाने फणफणलेली असताना त्यांच्याच पोराने दोन कॅन दारात आणून ठेवले होते, तेही विसरता येत नाही.

वस्तीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मुंबईच्या पूर्व उपनगरातली टेकडी, एवढं पुरे. रात्री वरून भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलाचे दिवे दिसतात. वैतरणा-तानसा तलावांचं पाणी शंभरेक किलोमीटर लांबून तिथे येतं, शुद्ध होतं आणि शहरभर जातं. आमच्या दारात यायला त्याला एकवीस वर्षं लागली.

सासऱ्यांनी खोली घेतली २००३ साली. १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपड्यांना नळ द्यायचा नाही, असं सरकारचं १९९६ चं परिपत्रक. लाईटचं मीटर मिळालं, रेशनकार्ड मिळालं, मतदान तर दर वेळी केलं. पाण्याचं नाव काढलं की मात्र पहिला प्रश्न, फोटोपास (जुन्या झोपडीधारकांचं सरकारी ओळखपत्र) आहे का? पाणी हक्क समिती याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली होती. १५ डिसेंबर २०१४ ला न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने निकाल दिला की पाणी हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. मला हे कळलं आठ वर्षांनी, बालवाडीच्या पालकसभेत, एका आईकडून. २०१७ मध्ये पालिकेने धोरण केलं, त्यात आमच्यासारखे खासगी जमिनीवरचे बसत नव्हते. मे २०२२ मध्ये पालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ हे नवं धोरण आलं आणि आमचा नंबर लागण्याजोगा झाला.

नळ एकट्याला मिळत नाही. किमान पाच घरांचा गट लागतो, गटाचा एक सेक्रेटरी, बिल त्याच्या नावावर. मला वाटलं होतं, पाच घरं म्हणजे काय, हाक मारली की जमतील. ओट्यावर तीन बैठका झाल्या. एकाने बिल थकवलं तर सगळ्यांचं पाणी कापणार का? मोटर कोण लावणार नाही याची खात्री काय? आमचे पाहुणे राहतात आठ-आठ दिवस, त्याचे जास्त पैसे का? शेवटी आठ घरं तयार झाली आणि सेक्रेटरी कोण, यावर सगळे एकदम म्हणाले, “टीचरचं अक्षर चांगलं आहे.” झालं. बालवाडीत ‘अ अननसाचा’ शिकवते त्याची ही शिक्षा.

पहिला प्लंबर आम्हाला बुडवून गेला. अर्ज परवानाधारक प्लंबरमार्फतच करायचा असतो. याने लायसन्स दाखवलं, पण त्यावरचा फोटो नीट बघावा हे मला सुचलं नाही. घरटी १५०० असे १२,००० घेऊन तो जो गेला तो गेलाच. माझ्याच शिफारशीवरून पैसे दिलेले, त्यामुळे दोन महिने मी गल्लीत मान खाली घालून चालायचे. तुम्ही अर्ज करणार असाल तर एवढं ऐका, पैसे देण्याआधी लायसन्सची झेरॉक्स हातात घ्या आणि वॉर्ड ऑफिसात जाऊन तो माणूस खरंच तोच आहे का ते विचारा.

दुसरा प्लंबर म्हातारा, चिडका आणि प्रामाणिक निघाला. आधार, रेशनकार्ड, लाईटबिल, प्रत्येकाचे फोटो, गल्लीचा हाताने काढलेला नकाशा, हे पटापट झालं. अडलं हमीपत्रावर. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं होतं की पाणी मिळालं म्हणून आम्ही या झोपडीवर कुठलाही हक्क सांगणार नाही, ती अधिकृत झाली असं मानणार नाही.

मी वाचून दाखवलं आणि सगळे गप्प. शेवटच्या खोलीतले काका गिरणीतले. त्यांनी चष्मा काढला, कागद माझ्या हातातून घेतला, परत दिला. “म्हणजे पाणी प्यायचं असेल तर घर आपलं नाही असं आपणच लिहून द्यायचं?” मी म्हटलं, काका, कोर्टाने घराचं काही म्हटलेलंच नाही, फक्त पाण्याचं म्हटलंय. “तेच तर,” म्हणाले. पंधरा दिवस त्यांनी सही केली नाही. रोज संध्याकाळी मी त्यांच्या दारावरून जायचे, विचारायचे नाही. सोळाव्या दिवशी काकूंनीच त्यांना नोटरीकडे आणलं. सही करताना त्यांचा हात थरथरत होता, पण अक्षर मात्र छापल्यासारखं. आठवं घर त्या कागदावरूनच फुटलं. आम्ही सात उरलो.

पाहणी झाली, अनामत भरली, मग रस्ता खोदायची परवानगी. आमची भीती होती पावसाळ्याची. एकदा खोदाईबंदी लागली की दिवाळीपर्यंत गप्प बसायचं. २०२४ च्या मेच्या पहिल्या आठवड्यात कसंबसं काम झालं. पालिकेची लाईन खाली रस्त्यापर्यंत, मीटरही तिथेच, तिथून वरचा पाइप आमच्या खर्चाने. पाइप गटारातून नेला तर सरळ आणि स्वस्त. सगळ्या वस्तीचे तसेच जातात, नूडल्ससारखे. तिथे चिडका प्लंबर हटूनच बसला. दिवसातले बावीस तास पाइप रिकामा असतो, म्हणाला, आणि रिकामा पाइप बाहेरचं ओढून घेतो. जिथे चीर, तिथून गटार आत. दर जुलैमध्ये बालवाडीतली निम्मी मुलं जुलाबाने घरी का बसतात, ते मला त्या दिवशी कळलं. पायऱ्यांच्या कडेने भिंतीला क्लॅम्प मारून पाइप वर आणला. घरटी ९०० रुपये जास्त गेले, त्यावरून भांडणही झालं. एकूण खर्च, बुडालेले धरून, घरटी साडेसात हजार.

पाणी आलं ते जूनच्या पहिल्या आठवड्यात, नेमकी ५ जूनपासून शहरात दहा टक्के कपात लागली तेव्हा. संध्याकाळी सव्वासातची वेळ सांगितली होती. सात वाजल्यापासून चौदा-पंधरा माणसं एका नळाकडे बघत उभी. आधी नुसता फुसफुस आवाज, मग खाकरल्यासारखं, मग लालसर पाणी. कोणीतरी हंडा लावला, प्लंबर ओरडला, “सोडून द्या पाच मिनिटं!” पाणी असं सोडून द्यायचं, हे कोणाला जमेना. काकूंनी त्या लाल पाण्याने तुळस भिजवली, मग ओटा धुतला, मग समोरच्यांचाही.

आता पाणी पाऊण तास येतं. घरटी सहा मिनिटं, क्रमाने, वेळ बघायला काका घड्याळ घेऊन खुर्ची टाकून बसतात. धार बारीक आहे. झोपडपट्टीसाठी पालिकेचा हिशोब माणशी ४५ लिटरचा, इमारतीसाठी १३५. कॅनच्या दिवसांत आमचा माणशी ४२ पडत होता. म्हणजे वाढले तीन लिटर, आणि तेही कागदावर! पण भाऊंकडे हजार लिटर २८५ रुपयांना पडायचं, पालिकेचा झोपडपट्टीचा दर पाच-सहा रुपये. आणि आता रात्रीची झोप लागते. आठव्या घरातली वहिनी शेवटी कळशी घेऊन येते, कोणी काही बोलत नाही. तिच्याकडून पैसे घ्यायचे का, यावर बैठक व्हायची आहे.

पहिलं बिल आलं तेव्हा काका स्वतः माझ्याकडे आले. रक्कम त्यांनी पाहिलीच नाही. वर छापलेला गल्लीचा पत्ता बोटाने वाचला, खोली क्रमांकांसकट, आणि म्हणाले, “टीचर, याच्या सात झेरॉक्स काढा.” मी म्हटलं, काका, हा कागद घराचा पुरावा धरला जात नाही, आपणच लिहून दिलंय. “ठाऊक आहे,” म्हणाले. “रंगीत काढा.”