तक्रारीचा प्रकार: दिवा चालू

रस्त्यावरच्या दिव्यांची देखभाल हे माझं काम. पुण्यात सतरा वर्षं हेच करतोय. तक्रार म्हणजे 'दिवा बंद आहे', बास. त्यामुळे मार्चमध्ये कोथरूडच्या एका गल्लीतून आलेली तक्रार मी दोनदा वाचली: 'दिवा चालू आहे. कृपया बघावे.'

अंधार पडल्यावर गेलो. दुसऱ्या मजल्यावर सत्तरी ओलांडलेल्या आजी. "बसू नका, आधी आतली खोली बघा." खोलीतला दिवा त्यांनी मुद्दाम मालवला होता. तरी भिंतीवरच्या कालनिर्णयातली एकादशी मला दारातून वाचता आली. खिडकीवर चादर खिळ्यांनी ठोकलेली. "ही लावली की वारा येत नाही, काढली की झोप येत नाही. आणि रात्री दोनला दयाळ गायला लागतो. पहाटेचा पक्षी हो तो! त्यालाही वाटतं, उजाडलं."

शिडीची गाडी लावून वर गेलो. दिवा धरणाऱ्या ब्रॅकेटला पंधरा अंशांचा उठाव. रुंद रस्त्यावर पलीकडच्या कडेपर्यंत उजेड पोचावा म्हणून तो देतात. या बोळात त्याचा उपयोग आजींच्या खिडकीला. काचेत मूठभर मेलेले पतंग नि चिलटं, आणि वर एक गलेलठ्ठ पाल. तिचं बरं चाललं होतं.

पूर्वी इथे सोडियमचा पिवळा दिवा होता. तो काढून ६५०० केल्व्हिनचा पांढराशुभ्र एलईडी लावला तो आमच्याच टीमने. वीज वाचली, हे खरंच आहे. पण रंगाबद्दल कुणी विचारलं नाही, मीही नाही. या पांढऱ्यात निळा भाग जास्त, आणि दिवसा आकाश ज्या कारणाने निळं दिसतं, त्याच कारणाने तो हवेत जास्त विखुरतो.

कामासाठी फ्यूज काढला. गल्ली काळोखली. मी माण तालुक्यातला. अंधार झाला की मान आपोआप वर जाते. पश्चिमेला कललेला मृग, त्याच्या पोटातला बाण, खाली व्याध. एवढंच. कृत्तिकांच्या जागी नुसता दुधट उजेड. गावी अंगणात सहा मोजायचो, धाकटी बहीण सात म्हणून भांडायची. एक दिवा विझवून काय होणार? वरचा तो उजेड अख्ख्या शहराचा.

नागपूरकडच्या पेंचच्या व्याघ्र प्रकल्पात मात्र जमलंय. जानेवारी २०२४ मध्ये ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं ठिकाण, ठरलं. त्यासाठी तिथल्या वाघोली, सिल्लारी अशा गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड केलेले लावले. (आपलं नगर रोडचं वाघोली नव्हे!)

मीही तेच केलं. ब्रॅकेट सपाट केला आणि रंगाच्या डब्याचा पत्रा कापून खिडकीच्या बाजूला आडोसा लावला. स्टोअरमध्ये पिवळसर फिटिंग नव्हतंच, नाहीतर तेही बदललं असतं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या बंगल्यातून तक्रार: गल्लीत अंधार झालाय, बायामाणसांनी यायचं कसं? भीती खोटी नसते, म्हणून रात्री पुन्हा गेलो. रस्त्यावर पडलेलं नाणं दिसेल इतका उजेड होता. अंधारात होती फक्त बंगल्याची भिंत. तसं दाखवलं. काका म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण दिवा लागलाय हे घरातून दिसत नाही ना!"

त्यांना काय सांगावं कळेना. सकाळी तक्रारी बंद करायला बसलो. यादीत पर्याय तीनच: दिवा बंद, दिवसा चालू, वायर लोंबतेय. काकांची 'दिवा बंद'मध्ये टाकली. आजींची 'दिवसा चालू'मध्ये.