भंडाऱ्याचा हिरवा सुटला, जवळजवळ

सापडलं एकदाचं. नागजच्या पुढच्या माळावर काढलेले ढोलवाल्यांचे फोटो पोपटी का येत होते, ते कळलं. कॅमेरा निर्दोष, स्क्रीन निर्दोष, रंगांची प्रोफाईल तर बिचारी अगदीच निर्दोष. हा सगळा भंडाऱ्यातल्या हळदीचा उद्योग आहे.

माझी फोटोंची मालिका तुम्हाला माहीत आहे: सातारा-सांगलीतले वाजवणारे, वाद्यासकट, त्यांच्याच जागेवर, एका दिव्यात. मिरजेतल्या तंबोऱ्यांच्या गल्लीचं काम मार्गी लागलं. तिथे खिडकीचा उजेड आणि भोपळ्यांच्या रांगा अशा असतात की माणूस बसवायचा आणि गप्प बटण दाबायचं. हलगीवालेही झाले. अडलं ते धनगरी ढोलापाशी.

रस्ता नेहमीचाच. साताऱ्याहून कऱ्हाड, मग विटा, भिवघाट, नागज. भिवघाट ओलांडला की झाडं कमी होतात, आभाळ वाढतं, आणि वारा सुरू होतो. ढालगावच्या बाजूला पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तिथे सॉफ्टबॉक्स, म्हणजे फ्लॅशपुढचा कापडी डबा, लावला की स्टँडसकट जतमार्गे कर्नाटकात. दगडांचं पोतं बांधून पाहिलं, एका पोराला स्टँड धरायला उभं केलं, तरी कापड फडफडायचं आणि ढोलवाल्यांचं लक्ष ढोलाऐवजी त्या पोराकडे. म्हणून कापड काढलं आणि उघडा बल्ब, त्यावर छोटा रिफ्लेक्टर, एवढ्यावर आलो. उजेड कडक पडतो, पण त्या चेहऱ्यांना तो शोभतो. सुरकुत्या, फेट्याची घडी, ढोलाच्या दोऱ्या, सगळं उठून येतं.

फक्त भंडारा हिरवा. कपाळावरचा, मानेवरचा, ढोलाच्या कातड्यावर उडालेला, सगळा कैरीच्या सालीसारखा. हनुवटीखाली तर अशी छटा की माणूस आजारी वाटावा.

पहिला सोपा उपाय मनात आला तो असा की भंडारा लावायच्या आधीच पोर्ट्रेट उरकायचं. मी तसं सुचवलं, तर गजी (ढोलावरचा नाच) मंडळातले सगळ्यांत मोठे आबा घोंगडं सावरत म्हणाले, "भंडारा लावल्याबिगर ढोलाला हात लावत न्हाय आमी. तुमच्या बत्तीला झेपत नसंल तर बत्ती बदला की, पाव्हणं."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पण बत्ती बदलायची म्हणजे नक्की काय करायचं, ते कळायला फार फिरावं लागलं.

घरी आल्यावर संगणकावर जे जे करतात ते केलं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते, राखाडी पट्टीवरून घेतला. चोवीस चौकोनांच्या कलर चेकरवरून त्याच दिव्याची प्रोफाईल, म्हणजे रंग दुरुस्त करायचा तक्ता, बनवली. चौकोन सगळे जिथल्या तिथे आणि भंडारा हिरवाच. मग पिवळ्याचा ह्यू नारिंगीकडे ढकलला, तर भंडारा सुधारला आणि कातडी भाजल्यासारखी लाल झाली. आपल्याकडच्या त्वचेचा रंग आणि हळदीचा रंग स्लायडरवर शेजारीच राहतात. मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून पाहिला, पण भंडारा काय रेघ आखून लावलेला असतो? घामात मिसळून तो गालापर्यंत उतरलेला. कडा सापडणार कुठून.

त्यात एक चौकट अशी होती की डोकंच फिरलं. दोन भाऊ, एक ढोल घेतलेला, एक कैताळ (मोठी झांज) घेतलेला, खांद्याला खांदा लावून उभे. दिवा एक, अंतर तेच. ढोलवाला हिरवा आणि कैताळवाला पिवळाजर्द! शिवाय पांढरी धोतरं पाहिली तर ती निळसर, आणि त्याच चौकटीतली राखाडी पट्टी मात्र शुद्ध राखाडी. पांढरं निळं का आणि पिवळं हिरवं का, हे दोन प्रश्न नसून एकच आहे, असं वाटायला लागलं ते तिथून.

नोटा तपासायचा जांभळा टॉर्च होता. रात्री स्वयंपाकघरात दिवे घालवून हळदीच्या डब्यावर मारला, तर डबा आतून पेटल्यागत हिरवट-पिवळा. धुतलेल्या शर्टावर मारला, शर्ट निळा. आता उलगडा सांगतो. हळदीतलं कर्क्युमिन जांभळा-निळा उजेड खातं, सगळ्यांत जास्त ४२५ नॅनोमीटरच्या आसपास, आणि तो हिरवट पिवळा करून परत टाकतं. धुण्याच्या पावडरीत जी चकाकी आणणारी द्रव्यं असतात ती अतिनील उजेड खाऊन निळा टाकतात. म्हणजे भंडारा आणि धोतर, दोन्ही नुसते उजेड परतवत नाहीत, स्वतःचाही थोडा उजेड देतात. कलर चेकरच्या चौकोनांत हा प्रकार होत नाही, म्हणून प्रोफाईल कितीही चांगली बनवा, तिला हळदीचं काही कळणार नाही. सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा) ९५ लिहिलेल्या एलईडी पॅनेलचंही तेच. तो आकडा साध्या रंगांवर काढलेला असतो, आणि पांढऱ्या एलईडीच्या पोटात ४५० च्या आसपास निळ्याचा सुळका असतोच.

सॉफ्टबॉक्समध्ये हे का दिसलं नव्हतं? कारण कापड बराचसा अतिनील उजेड स्वतःच अडवतं. उघड्या बल्बला अडवणारं कोणी नाही. सावलीत जाऊनही सुटका नव्हती, उघड्या आभाळाखालच्या सावलीत निळा उजेडच जास्त.

राहिले ते दोन भाऊ. परतीच्या वाटेवर मुद्दाम मिरज करून सांगलीत शिरलो. हळदीचंच कोडं आहे तर ते सांगलीत नाही सुटणार तर कुठे? ज्या गावाच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जिथे हरिपूरच्या पेवांत हळद जमिनीखाली साठवायचे, तिथे मी पावपाव किलो मागत फिरतोय, म्हणून मार्केट यार्डाजवळच्या दुकानदाराने विचारलं, कशाला हवी. म्हटलं, फोटोला. "लग्नाचे काढता होय," म्हणाला आणि जास्त चौकशी न करता राजापुरी आणि सेलम बांधून दिली. पैसे वाजवी घेतले आणि पुड्यांवर नावं लिहून दिली. नमुने घेताना असा माणूस भेटावा.

राजापुरी, सेलम, ढोलवाल्याच्या घरची दळलेली हळद आणि कैताळवाल्याने वापरलेली यात्रेतली भंडाऱ्याची पुडी, असे चार ढीग काळ्या कागदावर मांडले. पहिले तीन टॉर्चखाली उजळले, कमी-जास्त असतील, पण उजळले. पुडीतला भंडारा जवळजवळ गप्प. साध्या उजेडात मात्र सगळ्यांत भडक तोच. त्यात काय होतं ते तपासायला माझ्याकडे साधन नाही, पण हळदीचा वाटा फारसा नसावा. गंमत अशी की जितकी अस्सल हळद, तितका माझा फोटो खराब.

आता उपाय. पहिली पायरी, फ्लॅशवर यूव्ही, म्हणजे अतिनील, अडवणारं जिलेटिन (दिव्यापुढे लावायचा पारदर्शक तक्ता), ली कंपनीचं २२६ नंबरचं. धोतरं लगेच पांढरी झाली, त्या दिवशी पेढे वाटावेत इतका आनंद झाला. भंडारा अर्धाच सुधारला. कारण उघड आहे, कर्क्युमिनला अतिनीलच लागतो असं नाही, दिसणारा निळाही चालतो. म्हणजे निळाच काढून घ्यायला हवा.

निळा काढायचा म्हणजे सीटीओ, दिव्यावरचं केशरी जिलेटिन. फ्लॅशबरोबर ज्या रंगीत पट्ट्या फुकट येतात त्यांच्या नादी लागू नका, दोन पट्ट्यांचा रंग एकसारखा निघेल तर शपथ. ऑनलाइन मागवलेला तक्ता चुरगळून आला. शेवटी सांगलीतच काम झालं. १८४३ मध्ये जिथे विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक उभं केलं, त्या गावात नाटकाच्या लाइटवाल्यांकडे जिलेटिनचे तुकडे निघणारच. एकाने खोक्यातून लीच्या २०४ चे, म्हणजे फुल सीटीओचे, चांगले हातभर तुकडे काढून दिले. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

पुन्हा तोच माळ, तेच आबा. सूर्य बुडाल्यावर थोड्या वेळाने उभे केले. फ्लॅशवर २२६ आणि २०४ एकावर एक, व्हाइट बॅलन्स २९०० केल्विनच्या आसपास. दिवा केशरी, कॅमेऱ्याला मात्र तोच पांढरा वाटतो, आणि मागचं आभाळ आपोआप गडद निळं. भंडारा पिवळा! देवळात दिसतो तसा. निळ्या आभाळापुढे पिवळा, आणि पलीकडे पवनचक्क्यांची पाती. हे मी ठरवून केलेलं नव्हतं, पण श्रेय घेतोय.

एक सावधगिरी. या उजेडात लाल चॅनेल सगळ्यांच्या आधी फुटतो, म्हणजे त्यातला तपशील जळतो, आणि एकत्र हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) ते दिसत नाही. आरजीबी हिस्टोग्राम लावा आणि दोन तृतीयांश स्टॉप खाली राहा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). प्रोसेसिंग प्रोफोटो या मोठ्या रंगक्षेत्रात करा, एसआरजीबी या लहान क्षेत्रात शेवटीच या. आधीच आलात तर निळा चॅनेल शून्यावर जातो आणि भंडाऱ्याचा सपाट पिवळा पत्रा होतो. आता आबांच्या कपाळावरच्या आठ्यांत हळदीचा कण न् कण दिसतो, आणि ढोलाच्या कातड्यावर जिथे काठी पडते तिथे तो झडून गोल झालेला दिसतो. तो गोल मला सगळ्यांत आवडला. मोठा प्रिंट पाहून आबा म्हणाले, "ढोल ब्येस आलाय." स्वतःबद्दल काही बोलले नाहीत.

मधल्या काळात वैतागून सगळं कृष्णधवल करून टाकावं असंही ठरवलं होतं. करूनही पाहिलं. नुसता निळा चॅनेल घेतला तर हळद काळी होते, जुन्या काळच्या, फक्त निळा बघणाऱ्या फोटोच्या काचांवर पिवळं काळं यायचं तसंच. देवाचा भंडारा काजळी दिसतो, ते त्या माणसांना दाखवायची माझी हिंमत नाही. लाल चॅनेल घेतला तर तोच भंडारा विभूती होतो, आणि बिरोबाचा भक्त भलत्याच पंथाचा वाटायला लागतो. फ्रीजमध्ये ऑर्थो प्लस या कृष्णधवल फिल्मचा रोल पडून आहे. ती फिल्म निळा आणि हिरवा बघते, लाल बघत नाही, म्हणजे भंडारा मधल्या राखाडीत यावा. बघू कधीतरी. हे काम रंगातच व्हायला हवं, यावर मी आलोय.

आता पुढे जतच्या बाजूला जायचं होतं, पण हे लिहिता लिहिताच बेत बदलतोय. निळा जितका कमी तितकी हळद खरी, हे जर खरं असेल, तर निळा जवळजवळ नसलेला उजेड कोणता? दिवटी! गोंधळ्यांकडे ती असतेच. संबळ, तुणतुणं आणि दिवटी, म्हणजे वाद्याबरोबर दिवाही त्यांचाच. तेलाची ज्योत १९००-२००० केल्विनची. आता हिशेब पाहा. फ्लॅश ५५०० चा, म्हणजे १८२ मायरेड (दहा लाख भागिले केल्विन). एका २०४ ची भर १५९, झाले ३४१, म्हणजे साधारण २९३०. दुसरं २०४ चढवलं की ५००, म्हणजे बरोबर २००० केल्विन. दिवटीशी जुळला! प्रत्येक जिलेटिनमागे जवळजवळ एक स्टॉप जाईल, जाऊ दे, अंधारात फ्लॅशला तेवढा दम आहे. फोटो सुधारायचं लाइटरूमही तापमानात २००० पर्यंतच उतरतं, म्हणजे कसंबसं बसतंय. म्हणजे दिवटी चौकटीत जळती ठेवायची आणि फ्लॅशने तिचीच बाजू थोडी उचलून धरायची.

म्हणून जत नंतर. आधी साताऱ्याच्या जवळपासचे गोंधळी, आणि ते जमलं तर पौषात पालीला खंडोबाच्या लग्नाला वाघ्या-मुरळी. तिथे भंडारा चिमटीने नव्हे, ओंजळीने उधळतात, त्यामुळे लेन्स बदलायचं नावही काढायचं नाही. एकच ८५ मिमीची लेन्स, कॅमेऱ्याला पिशवी, आणि साफ करायला नुसता ब्लोअर. फडक्याने पुसलं तर काचेवर पिवळा लेप बसतो.

यूव्हीचं २२६ दोन सीटीओंच्या खाली ठेवावं की काढून टाकावं, हे अजून ठरलेलं नाही. दोन्ही करून पाहणार आहे. आणि ज्यांनी पेटत्या दिवटीशेजारी फ्लॅश लावला असेल त्यांनी आधी एवढंच सांगा, जिलेटिन वितळायला लागू नये म्हणून ज्योतीपासून किती हात लांब ठेवलं होतंत?